चेंडू तोंडाचं ऐकतो

निंबोला या आमच्या गावात गोल्फचं मैदान नाही. केळीच्या बागा आहेत, असीरगडाकडे जाणारा रस्ता आहे आणि आमच्या अंगणात एक कडुनिंब. पण गोल्फच्या गुरुजींनी वर्षानुवर्षं गिरवून घेतलेली एक चूक पकडायला तेवढा कडुनिंब पुरतो.

धडा असा होता: चेंडू सुटतो काठीच्या वाटेने, म्हणजे स्विंग जाईल तिकडे. काठीचं तोंड, ज्याला क्लबफेस म्हणतात, ते चेंडूला पुढे हवेत वळवतं. समोर झाड आडवं आलं? तोंड झाडामागच्या झेंड्याकडे धरा, स्विंग झाडाच्या उजवीकडून जाऊ द्या. चेंडू वळसा घालून झेंड्यापाशी उतरेल. शिष्य इमानेइतबारे तसंच करायचा आणि चेंडू खाडकन खोडावर! "मनगट वळवलंस," गुरुजी म्हणायचे. बिचाऱ्याचं मनगट जागच्या जागी असायचं.

खरं तर उत्तर 1968 सालीच छापून आलं होतं. ब्रिटनच्या गोल्फ सोसायटीने शास्त्रज्ञांची तुकडी कामाला लावली होती. त्यातून अलेस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांचं 'द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' हे पुस्तक निघालं. चेंडू आणि काठी यांची गाठ पडते ती जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची. तेवढ्यात चेंडू मुख्यतः तोंडाच्या रोखानेच सुटतो, वाटेचा वाटा थोडा. पण अर्धा मिलिसेकंद कुणाला दिसणार? गुरुजींना दिसायचा तो स्विंग, म्हणून श्रेयही स्विंगला.

उलथापालथ केली ती रडारने. फ्रेड्रिक टक्सन हे डेन्मार्कचे रडार अभियंते. उडत्या तोफगोळ्यांचा माग काढणारी विद्या 2003 साली सुरू झालेल्या ट्रॅकमॅन कंपनीत त्यांनी गोल्फच्या चेंडूमागे लावली. आकडे पडद्यावर आले आणि वाद पेटला. सुटतानाच्या दिशेत ड्रायव्हर नावाच्या काठीच्या फटक्याला सुमारे 85 टक्के हिस्सा तोंडाचा, आयर्न नावाच्या काठीच्या फटक्याला सुमारे 75. वळण येतं ते तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकातून. त्या फरकाने चेंडूच्या फिरकीचा आस कलतो. म्हणजे झाड चुकवायचं तर आधी तोंडच झाडाच्या बाहेर धरायला हवं, आणि स्विंग त्याच्याही बाहेर.

गुरुजींची बाजू मला कळते. जुना नियम ऐकायला फार सरळ होता, आणि कसलेले खेळाडू सांगायचे एक, करायचे दुसरंच. त्यांचे चेंडू झाड चुकवायचे, म्हणून नियमही टिकला.

परवा अंगणात मी एक सपाट फळी घेतली आणि रबरी चेंडू. फळीचं तोंड कडुनिंबाकडे, टोला मात्र उजवीकडे नेत मारला. चेंडू खोडावर. पुन्हा मारला. पुन्हा खोडावर, आणि या वेळी दोन-चार पिवळ्या निंबोळ्या टपटपल्या.

बाजेवर पडल्या पडल्या काका म्हणाले, "हात वळतोय रे तुझा."