चार झोत की पूर्ण फेरी?

ऑप्टिमायझेशनचा पेपर सोडवताना 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. एक उत्तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरील रेडिएशनमध्ये सापडतं.

या उपचारात आठवड्याला पाच दिवस, साधारण पाच आठवडे, मिळून ४५ ते ५० ग्रे डोस देतात. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. ५० ज्यूलने किलोभर पाणी अंशाच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याने तापेल! पण तेवढीच ऊर्जा पेशींमधला डीएनए तोडते. पंचाईत अशी, की पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि वर आतड्यांची वेटोळी. ती वाचवायची कशी?

जुनी पद्धत 'फोर फील्ड बॉक्स'. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी असे चार झोत. जिथे ते एकत्र येतात तिथे पूर्ण डोस. पण हा भाग डब्यासारखा, आणि त्यात आतडंही सापडतं. थ्रीडी कन्फॉर्मल पद्धतीत सीटी स्कॅन पाहून झोताच्या कडा हव्या त्या आकारात झाकतात.

आयएमआरटीचं गणित उलटं. आधी काय हवं ते सांगायचं: इथे इतका डोस, आतड्याला इतक्याहून कमी. मग कॉम्प्युटर सात किंवा नऊ दिशांच्या झोतांची तीव्रता शोधतो. ऑब्जेक्टिव्ह फंक्शन, कन्स्ट्रेंट्स, सगळं आपल्या ओळखीचंच! व्हीमॅटमध्ये तर मशीन पेशंटभोवती फिरता फिरताच डोस देतं, त्यामुळे वेळ वाचतो.

एवढा खटाटोप करून फरक पडतो का? मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने ऑपरेशन झालेल्या ३०० स्त्रियांमध्ये थ्रीडी आणि इमेज-गायडेड आयएमआरटीची तुलना केली. २०२१ साली निष्कर्ष आले. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास थ्रीडी गटात ४२.४ टक्के, तर आयएमआरटी गटात २१.१ टक्के. रोग आटोक्यात राहण्यात मात्र फरक नव्हता. म्हणजे नुसतं बरं होणं नाही, तर बरी झालेली बाई एसटीने प्रवास करू शकते, लग्नकार्यात निर्धास्त बसू शकते.

यातला 'इमेज-गायडेड' शब्द विसरू नका. मूत्राशय कमी-जास्त भरलं की आतले अवयव सरकतात, आणि डोसची कड जितकी धारदार तितकी ही चूक महाग पडते. म्हणून झोत सोडण्याआधी मशीनवरच स्कॅन करून जागा तपासतात. पेशंटलाही ठरलेलं पाणी ठरलेल्या वेळी प्यायला सांगतात. तेव्हा लाखमोलाच्या सॉफ्टवेअरइतकाच तो पाण्याचा ग्लासही प्लॅनिंगचा भाग आहे, बरं का!