पेट्रोल गाडीच्या वाफेच्या डबीची तपासणी व निगा



सुपे, मोरगाव हा बारामती तालुक्याचा जिरायती पट्टा. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४० अंशांच्या आसपास जातो. बारामतीला माल पोचवून आलेली गाडी भर दुपारी घराजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली जाते. त्याच शेडमध्ये कडब्याची गंज, विजेच्या मोटारीचा स्टार्टर आणि पुष्कळ घरी पाणी तापवण्याची चूलही असते. संध्याकाळी तेथे पेट्रोलचा वास आला, तर गाडी म्हटली की वास यायचाच, असे समजून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. असे करणे धोक्याचे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती वर न जाता जमिनीलगत साचते. हवेत तिचे प्रमाण अवघे दीड टक्का झाले, तरी एका ठिणगीने ती पेट घेते.

सुस्थितीतील गाडीला उभ्या जागी वास येत नाही, कारण वाफ अडवण्याची सोय तिच्यातच केलेली असते. टाकी तापली की पेट्रोलची वाफ होते. ही वाफ नळीवाटे काळ्या प्लॅस्टिकच्या एका डबीत जाते. मेकॅनिक तिला कॅनिस्टर म्हणतात. डबीत सक्रिय कोळशाचे दाणे असतात. या कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात, की एका ग्रॅमचा आतील पृष्ठभाग पसरला तर काही गुंठे जागा व्यापेल. वाफ या छिद्रांत धरून ठेवली जाते. पुढे इंजिन चालून गरम झाले, की विजेवर चालणारा एक छोटा व्हॉल्व्ह (परज व्हॉल्व्ह) उघडतो. इंजिनाच्या ओढीने डबीच्या दुसऱ्या तोंडातून ताजी हवा आत येते आणि साठलेली वाफ इंजिनात नेऊन जाळते. म्हणजे वाया जाणारे पेट्रोल पुन्हा कामी येते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७० च्या मोटारींपासून अशी व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडे २०१७ च्या भारत स्टेज ४ नियमांनंतर दुचाकींनाही ही डबी आली. डिझेलची वाफ फारशी होत नसल्याने ट्रॅक्टरला तिची गरज पडत नाही.

डबी बिघडते ती बहुधा पंपावर

टाकी भरत आली की पंपाचे नोझल आपोआप बंद होते. तेवढ्यावर आपण थांबत नाही. "अजून बसेल, काठोकाठ भरा," असे सांगतो, किंवा हिशेब पुऱ्या शंभरात यावा म्हणून आणखी भरून घेतो. टाकीत वर मोकळी ठेवलेली जागा वाफेसाठी असते. ती भरली की द्रव पेट्रोल नळीतून थेट डबीत उतरते. कोळसा वाफ धरण्यासाठी आहे, पेट्रोल पिण्यासाठी नव्हे. एकदा भिजलेला कोळसा बहुधा पूर्ववत होत नाही. इंजिनालाही जादा पेट्रोल जाऊन ते धडधडते, काळा धूर सोडते. दहा-वीस रुपयांच्या जादा पेट्रोलपायी नवी डबी विकत घेणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. नोझल बंद झाले की टोपण लावावे.

आपल्या भागात आणखी दोन शत्रू आहेत. पहिला उंदीर. ऊसतोडीनंतर ते शेडकडे वळतात आणि रबरी नळ्या कुरतडतात. दुसरी कुंभारीण माशी. डबीच्या हवेच्या तोंडात ती मातीचे घर करते. कच्च्या रस्त्याची धूळही तेच काम सावकाश करते.

तपासणी कशी करावी

उन्हाळ्यापूर्वी एकदा व दिवाळीच्या सुमारास एकदा तपासणी करावी. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना, शेडबाहेर उघड्यावर घ्यावी. बिडी, चूल, दिवा जवळ नसावा. नळ्या काढायच्या असतील तर बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी.

प्रथम टाकीचे टोपण पाहावे. त्याचे रबर चिरलेले किंवा दबून सपाट झालेले असल्यास टोपण बदलावे. टोपण उघडताना किंचित 'फुस्स' होणे स्वाभाविक आहे. परंतु दर वेळी हवा जोराने आत ओढली जात असेल, किंवा टाकी रिकामी असूनही नोझल वारंवार बंद पडत असेल, तर हवेचा मार्ग तुंबला असे समजावे.

नंतर टाकीपासून डबीपर्यंत आणि डबीपासून इंजिनापर्यंत नळ्या बोटांनी दाबत जावे. चिरा, कडकपणा, दातांच्या खुणा व सैल क्लिप शोधाव्यात. आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे रबर त्याने लवकर खराब होऊ शकते. बदली नळी पेट्रोलसाठी बनवलेलीच घ्यावी. ठिबकची किंवा फवारणी पंपाची नळी कापून बसवणे हा प्रकार सर्रास दिसतो, तो करू नये.

डबी काही गाड्यांत बॉनेटखाली, तर काहींत टाकीजवळ असते. ती तडकलेली आहे का, जड लागते का, हे पाहावे. नळीतून काळी भुकटी येत असल्यास आतली जाळी फाटली आहे. ही भुकटी व्हॉल्व्हमध्ये अडकते. अशी डबी बदलणेच योग्य. ती फोडून चुलीतला कोळसा भरण्याने काही साधत नाही, कारण त्या कोळशात ही धारणशक्ती नसते.

परज व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असला पाहिजे. तो सोडवून हातपंपाने हलकेच हवा मारावी. हवा आरपार गेली तर तो उघडा अडकला आहे. पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू होण्यास त्रास देते, ते पुष्कळदा यामुळेच. नळीला तोंड लावून ओढू नये, वाफेतील बेंझीन विषारी असते. कॉम्प्रेसरची जोराची हवाही मारू नये.

एवढे पाहूनही वास राहिला किंवा इंजिनाचा पिवळा दिवा गेला नाही, तर धूर सोडून गळती शोधण्याचे यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये गाडी न्यावी. दरम्यान ती कडब्यापासून दूर, उघड्यावर उभी करावी. पीयूसी नुकतीच झाली आहे म्हणून निर्धास्त राहू नये. त्या तपासणीत फक्त सायलेन्सरमधून निघणारा वायू मोजतात, डबीकडे कोणी पाहत नाही.