गाडीचा इशारा नेमका कुणाच्या मापाचा?

अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, मॉनिटर सारखा वाजत राहिला की काय होते. पहिल्या तासाला सगळे धावतात. रात्र सरता सरता तो आवाज पंख्याच्या घरघरीसारखा होऊन जातो. याला ‘अलार्म फटीग’ म्हणतात. हाच आजार आता मोटार चालवणाऱ्यांनाही जडतो आहे.

टक्कर होण्याआधी सावध करणारी यंत्रणा रडार किंवा कॅमेऱ्याने दोन गोष्टी पाहते: पुढच्या वाहनापर्यंतचे अंतर आणि ते कोणत्या वेगाने कमी होते आहे. वाहन २० मीटरवर असेल आणि अंतर दर सेकंदाला १० मीटरने घटत असेल, तर हातात २ सेकंद. गणित सोपे, माणूस अवघड. अडथळा अपेक्षित असेल तर पाय साधारण सेकंदभरात ब्रेकवर जातो. अचानक आला तर दीड सेकंद धरा, आणि थकलेल्या चालकाला त्याहून अधिक. ताशी ७२ किलोमीटर वेगाने दीड सेकंदात गाडी ३० मीटर पुढे गेलेली असते, तीही ब्रेक लागण्याआधी. म्हणून एकाला वेळेवर वाटणारा इशारा दुसऱ्याला उशिरा मिळतो आणि तिसऱ्याला नुसती कटकट वाटते. त्यात आपल्याकडे दर सिग्नलला दुचाकी आडवी घुसते. वैतागून लोक यंत्रणाच बंद करून टाकतात.

यावर उपाय म्हणजे इशारा चालकाच्या मापाने बेतणे. अनेक गाड्यांत ‘लवकर’ किंवा ‘उशिरा’ इशारा देण्याची सोय असते, पण ती निवड आपणच करायची. लेक्सस कंपनीने २००६ मध्ये चालकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखला: नजर रस्त्यावर नसेल आणि पुढे अडथळा असेल तर सावध करायचे. मर्सिडीजची २००९ची यंत्रणा प्रवासाच्या पहिल्या काही मिनिटांत तुमची स्टिअरिंग फिरवण्याची ढब टिपते आणि पुढे तीत बिघाड दिसला, की विश्रांती घ्या म्हणते.

सवयीनुसार इशारा बदलताना मात्र मला सीओपीडीचा रुग्ण आठवतो. त्याच्या रक्तातील ऑक्सिजनचे लक्ष्य आम्ही ८८ ते ९२ टक्के ठेवतो. इतरांची मर्यादा लावली तर त्याचा मॉनिटर दिवसभर बोंबलेल. पण ‘याला सवय आहे’ म्हणून ती ७५ वर कुणी आणत नाही. पुढच्या गाडीला चिकटून चालवणाऱ्याची सवय शिकून यंत्रणेने इशारा उशिरा द्यायला सुरुवात केली, तर तिने धोकाच नॉर्मल ठरवला. इशारा लवकर आणायला हरकत नाही. उशिरा नेण्याला ठाम सीमा हवी.

आवाजाचा त्रास होत असेल तर यंत्रणा बंद करण्याआधी सेटिंग पाहा. साठीपुढच्यांनी, रात्रीच्या लांब प्रवासाला निघणाऱ्यांनी ‘लवकर’ हाच पर्याय ठेवावा. सर्दीची झोप आणणारी गोळी घेतली असेल, तर त्या दिवशी स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्यावे.