मासा का मेला? घरातील काचेच्या टाकीविषयी थोडे

मूल, सिंदेवाही, सावली, नागभीड हा आपला सारा मुलूख तलाव-बोड्यांचा. आसोलामेंढा आणि घोडाझरीसारखे मोठे तलाव सोडले तरी गावोगावी मामा तलाव आहेतच. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि हे तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले, म्हणून त्यांना मामा तलाव म्हणायचे. पावसाळ्यात बांधीच्या पाण्यात मासे धरतच आपली मुले लहानाची मोठी होतात. तरीही ती चंद्रपूरला किंवा नागपूरला गेली की काचेच्या टाकीतले रंगीत मासे पाहून दुकानासमोरून हलत नाहीत. आईवडीलही हौसेने एक गोल काचेचे भांडे आणि दोन लाल मासे घेऊन देतात. आठ दिवसांत मासे मरतात. मुले रडतात आणि मोठी माणसे म्हणतात, “घरावरचे संकट माशाने आपल्यावर घेतले.”

हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकले आहे. त्याला जोडून सल्लेही मिळतात. टाकी अमुक दिशेला ठेवा, मासे नऊच ठेवा, त्यात एक काळा असू द्या. वास्तूच्या नावावर महागडे मासे विकणारेही काही कमी नाहीत. वाचकांना आमचे सांगणे असे की, माशाला आपल्या घराच्या संकटांची काही माहिती नसते. मासा मरतो तो पाण्यातल्या विषाने, आणि बहुतेक वेळा हे विष कोठून आले ते सांगता येते. ते एकदा समजून घेतले की कष्टाचा पैसा वाया जात नाही, आणि मुलांना घरच्या घरी विज्ञानाचा धडाही मिळतो.

विष कोठून येते?

माशाची विष्ठा आणि न खाल्लेले अन्न पाण्यात कुजते. त्यातून अमोनिया तयार होतो. माशाच्या कल्ल्यांतूनही अमोनिया बाहेर पडतच असतो. तलावात पाणी अफाट आणि मासे विरळ, म्हणून तेथे काही बिघडत नाही. लहान भांड्यात मात्र दोन-तीन दिवसांतच अमोनिया माशाचे कल्ले जाळू लागतो. मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. आपण समजतो त्याला भूक लागली, आणि आणखी दाणे टाकतो.

निसर्गात या विषावर उपाय आहे. काही सूक्ष्म जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच निरुपद्रवी असते आणि पाणवनस्पती ते खाऊन वाढतात. हे जिवाणू टाकीतल्या रेतीवर आणि गाळणीच्या स्पंजवर वस्ती करतात. ती वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत मासे मरण्याचे मुख्य कारण हेच.

आता आपल्या घरांतली रीत पाहा. दर रविवारी सगळे पाणी फेकायचे, रेती गरम पाण्याने धुवायची, काच साबणाने घासायची, आणि मग नवे पाणी भरायचे. म्हणजे जी वस्ती बसू लागली होती ती दर रविवारी उजाडायची. पाणी आरशासारखे दिसते, पण मासा दगावतो. टाकी स्वच्छ दिसणे वेगळे आणि तिचे पाणी माशाला मानवणे वेगळे.

टाकी आणि पाणी

गोल भांडे घेऊच नये. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच अशी चौकोनी टाकी नवशिक्याला पुरते. वरचे दोन इंच रिकामे ठेवले तर तीत सुमारे ४५ लिटर पाणी मावते. काच आणि रेती धरून वजन ६० किलोच्या आसपास जाते, म्हणून डळमळत्या स्टुलावर ती ठेवू नये. पक्क्या ओट्यावर खाली थर्माकोलचा पत्रा घालून ठेवावी. खिडकीतले ऊन थेट पडेल अशी जागा टाळावी, नाही तर पाणी हिरवे होते. सोबत हवेचा पंप आणि त्यावर चालणारी स्पंजची गाळणी घ्यावी. रंगीत दगड, प्लॅस्टिकचे किल्ले नसले तरी चालतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण जमिनीखालून ताज्या आलेल्या पाण्यात हवाही कमी असते, म्हणून तेही दिवसभर उघडे ठेवूनच वापरावे. बोअरचे पाणी जड असले तर घाबरू नये, गप्पी आणि मॉली या माशांना जड पाणी मानवते. धानाच्या बांधीतले पाणी मात्र चुकूनही आणू नये, त्यात फवारणीचे औषध असू शकते.

टाकी भरून, पंप चालू करून आठवडाभर तशीच राहू द्यावी. कोणाच्या घरी जुनी, चांगली चाललेली टाकी असेल तर तिच्यातली मूठभर रेती मागून आणावी. जिवाणूंचे ते विरजणच समजा. नंतर दोन-तीनच मासे सोडावेत आणि महिन्याभराने बाकीचे. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी, म्हणजे साधारण १० ते १२ लिटर, बदलावे. स्पंज नळाखाली न धुता, टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळून घ्यावा.

मासे निवडताना

ढोबळ हिशेब असा की, पूर्ण वाढलेल्या माशाच्या दर इंचाला ४ लिटर पाणी हवे. ४५ लिटरमध्ये ११ इंच मासे बसतात. २ नर आणि ४ माद्या गप्पी घेतल्या की टाकी भरली. पहिल्या वर्षी एवढेच पुरे. गप्पी नको असतील तर सहा झेब्रा मासे घ्यावेत. अंगावर निळे पट्टे असलेला हा चपळ मासा मूळ आपल्याच देशातल्या ओढ्या-नाल्यांतला आहे, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालते. तो थव्याने राहतो, एकटा ठेवू नये.

लाल गोल्डफिश सर्वांच्या आवडीचा, पण तो कार्प माशांच्या कुळातला. अर्धा फूट सहज वाढतो, खातो खूप आणि घाणही तितकीच करतो. नीट सांभाळला तर दहा वर्षे जगणारा हा मासा आपण भांड्यात आठ दिवसांत मारतो. दुकानात ‘शार्क’ म्हणून दोन इंचांचे पिल्लू मिळते. तो शार्क नव्हे, पंगास आहे, आणि तो ३ फुटांच्या वर वाढतो. काच साफ करणारा सकर मासाही फूटभर होतो. फायटर नर मात्र लहान टाकीत एकटा ठेवता येतो. तो पाण्यावर येऊन हवा घेऊ शकतो. दोन नर एकत्र ठेवले तर लढून जखमी होतात.

टाकीत ‘नशिबासाठी’ देशी कासव ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्ह्यात मोडते. तो मोह टाळावा.

विकत घेताना मासा पंख पसरून पोहतो का, अंगावर पांढरे ठिपके आहेत का, हे पाहावे. ज्या टाकीत एक मेलेला मासा दिसला त्या टाकीतला दुसराही घेऊ नये. घरी आणल्यावर पिशवी १५-२० मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, थोडे थोडे टाकीतले पाणी पिशवीत घालावे, आणि मग मासा जाळीने उचलून सोडावा.

अन्न दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. हे काम घरातल्या एकाच मुलाकडे सोपवावे. चौघांनी चार वेळा दाणे टाकले की पाणी नासले म्हणून समजा.

आपल्या भागातली तीन संकटे

पहिले संकट उन्हाळ्याचे. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे झाकण काढून वर जाळी घालावी, टाकीला ओले फडके गुंडाळावे, पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्यावा, आणि दाणे निम्मे करावेत. थंडीच्या रात्री टाकीवर गोधडी घालावी, पण हवेला वाट ठेवावी.

दुसरे संकट वीज जाण्याचे. मासे कमी असले तर काही तास निभतात. जास्त वेळ लागला तर मगाने पाणी उंचावरून परत टाकीतच ओतत राहावे. हे मुलांना आवडीने करता येते.

तिसरे संकट फार थोड्यांच्या लक्षात येते. डास मारण्याच्या अगरबत्त्या, यंत्रे आणि फवारे यांत पायरेथ्रॉइड वर्गातली औषधे असतात. माणसाला त्यांचा त्रास कमी, पण माशाला ती अतिशय विषारी. आपल्या जिल्ह्यांत हिवतापासाठी घराघरांत फवारणी होते. ती नाकारू नये, ती आपल्याच जिवासाठी आहे. फवारणीवाले आले की पंप बंद करून टाकी प्लॅस्टिकने पूर्ण झाकावी किंवा मासे बादलीत घालून शेजारी न्यावेत, आणि घर हवेशीर झाल्यावर परत आणावेत. पंप चालू राहिला तर तो घरातली औषधमिश्रित हवा थेट पाण्यात सोडतो.

पिल्ले कशी वाढवावीत?

गप्पी अंडी घालत नाही, पिल्लेच देते. नर लहान, रंगीत आणि झुपकेदार शेपटीचा. मादी मोठी आणि साधी. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, नाही तर नर मादीला सतत पाठलाग करून थकवतो. सुमारे चार आठवड्यांनी मादीचे पोट चौकोनी दिसू लागते आणि शेपटीकडचा काळा डाग गडद होतो. मग ती पिल्ले देते. पहिल्या खेपेला थोडी, पुढे वीस, तीस, चाळीससुद्धा. एकदा नराशी संग झाला की पुढच्या काही खेपा ती नराशिवायही देते.

गप्पी आपलीच पिल्ले खाते. म्हणून टाकीत हायड्रिलासारखी दाट पाणवनस्पती असावी. आपल्या बोडीत ती फुकट मिळते. आणताना नीट धुऊन दोन दिवस वेगळ्या बादलीत ठेवावी. तिच्यातून चतुराच्या अळ्या आल्या तर त्या पिल्ले फस्त करतात. पिल्ले दिसली की चहाच्या गाळणीने अलगद उचलून वेगळ्या भांड्यात ठेवावीत. दाणे बोटांनी चुरून दिवसातून तीन-चार वेळा चिमूटभर द्यावेत. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलकही चालतो, पण सुईच्या टोकाएवढा, कारण तो पाणी लवकर नासवतो. दोन-तीन महिन्यांत पिल्ले मोठी होतात. त्याच त्या घरातल्या माशांची पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली तर ती कमजोर निघतात. शेजाऱ्यांशी नरांची अदलाबदल करावी.

झेब्रा मासा अंडी विखरून टाकतो आणि लगेच खातोही. त्याला युक्ती आहे. वेगळ्या भांड्याच्या तळाशी मुलांच्या काचेच्या गोट्या पसराव्यात. अंडी फटींत पडतात आणि वाचतात. सकाळी मोठे मासे काढून घ्यावेत. दोन-तीन दिवसांत केसासारखी बारीक पिल्ले निघतात. त्यांना दाणे गिळता येत नाहीत. त्यांच्यासाठी धानाचे थोडे तणस उकळून, गार करून बरणीत घालावे, त्यात चमचाभर तलावाचे पाणी टाकावे आणि बरणी सावलीत ठेवावी. चार-पाच दिवसांत त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात. तेच पिल्लांचे पहिले अन्न.

हौसेच्या पुढे

गप्पी मूळ दक्षिण अमेरिकेकडची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती आपल्या देशात आली आणि डासांविरुद्ध कामाला लागली. तिचे दुसरे भावंड गंबुसिया १९२८ साली आणले गेले. आरोग्य खात्याच्या माहितीप्रमाणे एक गप्पी दिवसाला ८० ते १०० डासांच्या अळ्या खाते. म्हणूनच हिवताप विभागाकडून गप्पी मासे पैदास केंद्रे चालविली जातात. गडचिरोलीने हिवतापाचे किती बळी पाहिले हे आपणास सांगावयास नको. वस्तीतल्या हौदात, वापराच्या पाण्याच्या उघड्या टाक्यात पाच-दहा गप्पी सोडल्या तर डास वाढत नाहीत. विकत घेण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. टाकीतला कोणताही मासा, कंटाळा आला म्हणून, नदीत, बोडीत किंवा मामा तलावात सोडू नये. गप्पी, सकर यांसारखे परके मासे तेथे वाढले की आपल्या देशी माशांचे अन्न आणि अंडी खातात. त्या देशी माशांवर आपल्या भागातल्या ढिवर बांधवांची चूल पेटते. नको झालेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा.

आपल्याकडे दुकानांत येणारे रंगीत मासे कोलकाता आणि चेन्नईजवळचे कोलतूर अशा लांबच्या ठिकाणांहून येतात. तेथे अनेक साधी कुटुंबे अंगणातल्या टाक्यांत पैदास करून पोट भरतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अंगणातील शोभिवंत मासे संगोपनासाठी ३ लाख रुपयांचा प्रकल्पखर्च धरला होता, आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना त्यावर ६० टक्के अनुदान ठेवले होते. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात, म्हणून आज काय चालू आहे ते जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावे. मात्र कर्ज काढून एकदम उडी घेऊ नये. घरच्या टाकीत वर्षभर मासे जगवून, दोन-तीन खेपा पिल्ले वाढवून दाखवावीत आणि मगच पुढचा विचार करावा. बचत गटातल्या भगिनींनी हा विषय आपल्या बैठकीत जरूर घ्यावा.

आणि वाचक बंधू-भगिनींनो, टाकीतला मासा कधी मेलाच, तर त्याचे श्रेय किंवा दोष ग्रहांना देऊ नका. मुलांना जवळ बसवा आणि विचारा. पाणी किती दिवसांपूर्वी बदलले? दाणे किती टाकले? काल घरात अगरबत्ती लावली होती काय? उत्तर वहीत लिहून ठेवायला सांगा. पुढचा मासा त्या वहीमुळे जगेल.