सलग दिवसांचा हिशेब

आमच्या मनोरीकडचे डोल जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. उधाणाला ओढ मोठी, म्हणून कामाचे दिवस सलग येतात. भांगाला खंड पडतो. समजा, वहीत तारखा आहेत: ३, ४, ५, ६, १८, १९, २०. यांतले सलग गट संगणकाने कसे ओळखावेत? चढत्या क्रमाने लावलेल्या प्रत्येक तारखेतून तिचा अनुक्रमांक वजा करावा. उत्तरे येतात: २, २, २, २, १३, १३, १३. उत्तर सारखे तोवर गट एकच. बदलले की नवा गट. आज्ञावलीला यादी एकदाच वाचावी लागते. मला मोलाची वाटते ती मधली उडी: १३ वजा २, म्हणजे ११ दिवस जाळे कोरडे. घरखर्च मात्र त्या दिवसांतही थांबत नाही. म्हणून गटांइतकाच खंडही मोजावा.