धरणाची ओहोटी

तारापूरचा समुद्र दिवसातून दोनदा मागे सरतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण किनाऱ्याकडे पाठ करून पूर्वेला निघालं, बोईसर, चारोटी, कासा मागे टाकून डोंगरांत शिरलं, की आणखी एक पाणी लागतं आणि त्यालाही ओहोटी असते. ती मात्र वर्षातून एकदाच येते आणि पुरती उतरायला सात-आठ महिने घेते. हे पाणी म्हणजे सूर्या नदीवरचं धामणी धरण.

पावसाळा सरला की धरण काठोकाठ भरलेलं असतं. तेव्हा ते देखणं दिसतं, फोटोही छान येतात, आणि पक्षी बघायला गेलेला माणूस बहुधा निराश होऊन परततो. काठोकाठ भरलेल्या पाण्याला काठच नसतो. पाणी थेट झाडोऱ्याला टेकलेलं, मध्ये नुसता खोल निळा पसारा. खरी गंमत पाणी उतरू लागल्यावर सुरू होते. खाली कवडासच्या बंधाऱ्यावरून कालवे वाहू लागतात. बोईसर-तारापूरचे कारखाने, पालघर, वसई-विरारच्या इमारती, कालव्याखालची शेतं, सगळे आपापला वाटा उचलतात. पातळी रोज थोडी थोडी खाली जाते. हे ‘थोडी थोडी’ फसवं आहे. काठाचा उतार पन्नासास एक इतका मंद असेल, तर पाणी १० सेंटिमीटर उतरल्यावर ५ मीटर रुंदीचा पट्टा उघडा पडतो, तोही सगळ्या काठाने.

त्या पट्ट्यात काय असतं? वरवर पाहिलं तर चिखल. पण पावसाळ्यात इथलं गवत पाण्याखाली बुडून कुजलेलं असतं आणि त्या कुजक्यावर जीवांची एक अख्खी वस्ती पोसली जाते: गोगलगायी, गांडुळांचे भाऊबंद, आणि न चावणाऱ्या चिलटांच्या लालभडक अळ्या. त्या लाल का? त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. गाळात प्राणवायू जवळपास नसतोच, जो थोडा मिळेल तो धरून ठेवायला ही सोय. असा गाळ रोज नव्याने उघडतो. काल उघडलेला आज वाळायला लागतो, पण त्याच्या पुढे ताजा तयार असतो.

म्हणून हिवाळ्यातल्या धरणाच्या काठाला मी पंगत म्हणतो, आणि या पंगतीत कोण कुठे बसणार हे पायांची लांबी ठरवते. गुडघाभर पाण्यात गुलाबी काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या, घोट्याएवढ्या पाण्यात शेपूट नाचवणारा तुतवार, पाणी संपतं त्या रेघेवर टिलवा, आणि कोरड्या बाजूला, दगडांतून तुरुतुरु धावणारा धोबी. चोचींचंही तसंच. या चिखलपाखरांच्या चोचीचं टोक मज्जातंतूंनी गच्च भरलेलं असतं. चोच गाळात रुतवल्यावर, डोळ्यांना काहीही दिसत नसताना, ती अळीची हालचाल ओळखतात. तुतवाराच्या गोतातल्या कित्येकांना तर चोचीचं फक्त टोक उघडता येतं, बाकीची चोच मिटलेलीच. गाळात रुतलेली अख्खी चोच उघडायची तर केवढा जोर लागेल, त्यापेक्षा हे बरं.

जरा आत पाण्यावर पाहा. काळे वारकरी असतील, बुडी मारून भलतीकडेच उगवणारी टिबुकली असेल, हळदी-कुंकू बदकं तर बाराही महिने इथलीच. पाहुण्यांपैकी माझ्या मते सगळ्यांत पाहण्यासारखा थापट्या. याची चोच टोकाला चपटी आणि रुंद, इतकी बेढब की पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येतं. चोचीच्या आत कडेने बारीक दातऱ्यांची रांग असते, एकेका बाजूला शंभराच्या वर. पाणी आत घ्यायचं, कडेने बाहेर सोडायचं, बारीक जीव मागे उरतात. कधी कधी आठ-दहा थापटे एकमेकांच्या मागे गोल गोल पोहू लागतात. पोहून ते पाणी ढवळतात, तळचं अन्न वर येतं, आणि पुढच्याने ढवळलेलं मागचा खातो. गोल असल्यामुळे प्रत्येकजण कुणाच्या तरी मागे असतोच!

आणि नशीब असेल तर ऑस्प्रे. ही मासेमार घार हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या मोठ्या जलाशयांवर येते. पाण्यावर एका जागी पंख मारत थांबते आणि पाय पुढे करून धाडकन कोसळते. तिच्या तळपायांना काटेरी खवले असतात, बाहेरचं बोट वळवून मागे नेता येतं. त्यामुळे निसटता मासा दोन बोटं पुढून, दोन मागून असा जखडला जातो. वर उठल्यावर ती हवेतच मासा फिरवून त्याचं तोंड पुढे करते, म्हणजे वारा कमी अडतो.

आता त्या टिलव्याकडे परत येऊ, कारण या सगळ्यांत अचंबा वाटावा असा तोच आहे. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. त्याचा जन्म उत्तर ध्रुवालगतच्या टुंड्रात, जिथे झाड म्हणून उगवत नाही. उन्हाळा संपता संपता आधी मोठे पक्षी निघून जातात. त्या साली जन्मलेली पिल्लं मागे राहतात आणि नंतर निघतात. म्हणजे वाट दाखवायला आई-बाप नाहीत, आणि पूर्वी कधी ही वाट पाहिलेली नाही. मग ती इथवर येतात कशी?

या प्रश्नाचा पहिला ठसठशीत धागा सापडला तो हॉलंडमध्ये. पर्डेक या पक्षिशास्त्रज्ञाने हेग शहराजवळ स्थलांतर करणाऱ्या अकरा हजारांहून जास्त मैना-कुळातल्या स्टार्लिंग पकडल्या, कडी घातली आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. त्याचा निबंध १९५८ साली छापून आला. मोठ्या पक्ष्यांनी आपण भलतीकडे आलो आहोत हे ओळखलं, दिशा बदलली आणि ते आपल्या नेहमीच्या हिवाळी मुलखाकडे, उत्तर फ्रान्स-इंग्लंडकडे वळले. पिल्लांनी मात्र हेगहून जी दिशा धरली असती तीच धरली, आणि ती स्पेनच्या बाजूला जाऊन पोचली. थोडक्यात, पिल्लू जन्मतः दिशा आणि अंतर घेऊन येतं. गाव त्याला ठाऊक नसतं. गाव ते पहिल्या हिवाळ्यात शिकतं, आणि एकदा शिकलं की पुढल्या वर्षी मुद्दाम तिथेच येऊ शकतं. धरणाच्या भिंतीवर दरवर्षी एकाच टप्प्यात दिसणारा धोबी तोच असण्याची शक्यता म्हणूनच चांगली आहे.

दिशा तरी कळते कशी? इथे रात्रीचा मुक्काम कामी येतो. डिसेंबरात जेवणं आटोपून काठावर आलात की पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं. त्याच्या एका खांद्यावरचा तांबूस तारा म्हणजे काक्षी. बहुतेक छोटे पक्षी आणि चिखलपाखरं रात्री उडतात, तेव्हा ताऱ्यांचा संबंध असणार हा अंदाज जुना. अमेरिकेत स्टीफन एम्लेन याने तो तपासला. त्याने बंटिंग जातीचे पक्षी नरसाळ्याच्या आकाराच्या पिंजऱ्यात ठेवले, तळाशी शाईची गादी, भिंतींना कागद. स्थलांतराच्या दिवसांत पक्षी ज्या बाजूला झेपावेल तिथे त्याच्या शाईच्या पावलांचे ठसे उमटत. मग त्याने काही पिल्लांना तारांगणातल्या खोट्या आकाशाखाली वाढवलं. आपलं आकाश ध्रुवताऱ्याभोवती फिरतं, हे खोटं आकाश त्याने काक्षीभोवती फिरवलं. मोठी झाल्यावर ती पिल्लं काक्षीलाच ध्रुव समजून दिशा धरू लागली. म्हणजे ताऱ्यांचा नकाशा ती पोटातून घेऊन येत नाहीत. आकाशातला कोणता बिंदू जागचा हलत नाही, तेवढं ती घरट्याच्या वयात बघून ठेवतात. शिवाय पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना जाणवतं. ते डोळ्यातल्या एका प्रथिनामुळे जाणवत असावं, असा सध्याचा कयास आहे.

इंधनाची गोष्टही कमी नाही. २०२२ मध्ये गॉडविट जातीचं जेमतेम पाच महिन्यांचं पाखरू अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, कुठेही न उतरता उडालं. अशा उड्डाणाआधी हे पक्षी चरबी साठवतात आणि जठर, आतडी असे वाटेत निरुपयोगी अवयव आखडून घेतात. मुक्कामाला पोचल्यावर ते पुन्हा वाढवावे लागतात. आपल्याकडे येणाऱ्यांचा प्रवास इतका अचाट नसतो, तरी दमूनभागून आलेल्या पाखराला पहिल्या दिवसापासून भरपेट गाळ लागतो, हे त्यातून कळतं. मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात तो ३० देशांतून जातो आणि पाणपक्ष्यांच्या १८२ जाती तो वापरतात.

सुट्टीला आलेल्या माणसाच्या पोटाचंही बघायला हवं. थंडी म्हणजे या पट्ट्यात उकडहंडी: कोनफळ, रताळी, राजेळी केळी, पापडी मडक्यात कोंबून, तोंड पाल्याने बंद करून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. घरोघर मसाला वेगळा आणि प्रत्येकाचाच खरा. किनाऱ्याकडे पहाटे नीरा मिळते. ती लवकर पिण्याचं कारण हवेतलं यीस्ट. ऊन चढलं की ते साखरेवर कामाला लागतं आणि नीरेची ताडी होते. उदमांजरही ताडावर चढून मडक्यात तोंड घालतं, त्याला दोन्ही चालतात. भातकापणी उरकल्यावर वारली पाड्यांवर तारपा वाजतो. कुणी आपुलकीने बोलावलं तर जरूर जावं. रिसॉर्टच्या अंगणात पाहुण्यांसाठी लावलेला नाच मात्र मला कधी बघवला नाही.

दुसऱ्या दिवशी किनारा. विरार-डहाणू लोकल २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून बोईसरला उतरून चिंचणी किंवा नांदगाव गाठणं सोपं झालं आहे. जाताना गाडीचं वेळापत्रक पाहा, पण त्याआधी भरती-ओहोटीचं पाहा. मुंबईहून उत्तरेला जाल तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते, कारण खंबातचं आखात आत आत निमुळतं होतं आणि पाण्याला चढण्यावाचून जागा राहत नाही. भावनगरजवळ हा फरक १० मीटरच्या वर जातो. आपल्या बाजूला तो तेवढा नाही, पण किनारा सपाट असल्याने ओहोटीला पाणी लांबवर जातं. तिथे तिबेटच्या पठारावर अंडी घालणारा छोटा चिखल्या हिवाळाभर समुद्राच्या वाळूत किडे वेचतो. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून या पक्ष्यांचा दिवस सूर्यावर नव्हे, चंद्रावर चालतो. ओहोटी मध्यरात्री असेल तर ते मध्यरात्री जेवतात आणि भरदुपारी भरतीला एका पायावर झोपा काढतात. त्या झोपलेल्या थव्यावर कुत्रं सोडणं किंवा गाडी नेणं म्हणजे त्यांची मोजून साठवलेली चरबी उधळणं आहे.

ही दोन्ही ताटं माणसाच्या हातात आहेत, आणि इथे मला जरा धास्ती वाटते. धरणाचं पाणी आपण आपल्यासाठी उपसतो, पक्ष्यांना गाळ मिळतो तो योगायोगाने. उपसा एकदम झाला तर गाळ खाऊन होण्याआधीच वाळून भेगाळतो. किनाऱ्याच्या ताटात काय पडतं, ते तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावरही ठरतं. तो वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. अशा वेळी कोरड्या हळहळीपेक्षा मोजदाद उपयोगी पडते. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, हौशी माणसंही त्यात भाग घेतात. दुर्बीण, वही आणि पहाटे उठण्याची तयारी पुरते. थापट्या आणि तलवार बदक वेगळे ओळखता आले की सुरुवात करायला हरकत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये धामणीचं पाणी बरंच खाली जातं, पंगत विस्कटते, आणि टिलवे अंगावर नवी तांबूस पिसं घेऊन उत्तरेला निघतात. पण सगळेच पाहुणे जात नाहीत. लांब वाकड्या चोचीच्या कर्ल्यूंसारख्या मोठ्या चिखलपक्ष्यांना वयात यायला एकाहून जास्त वर्षं लागतात. ज्यांना यंदा घरटंच करायचं नाही, त्यातले पुष्कळजण एवढ्या लांब जाण्याचा खटाटोप करत नाहीत आणि उन्हाळा, पावसाळा इथेच काढतात. त्यामुळे मे महिन्यात चिंचणीला एखादा कर्ल्यू दिसला, तर तो वाट चुकलेला आहे असं समजू नका. तो बहुधा अजून लहान आहे.