फटीतून शिरणारी आग

एक्स-१५ विमानाच्या पंखाच्या पुढच्या धारेत अभियंत्यांनी मुद्दाम बारीक फटी ठेवल्या होत्या. रेल्वेच्या रुळांत ठेवतात तशा. धातू तापला की पसरणार, त्याला जागा हवी. हिशेब बरोबर होता. पण ध्वनीच्या पाचपट वेगापलीकडे जाऊन विमान परतलं, तेव्हा नेमक्या त्या फटींच्या मागे पंखाचा पत्रा सुरकुतलेला निघाला. एरवी संथ वाहणारी हवा फटीपाशी खवळली होती, आणि खवळलेली हवा पत्र्याला कितीतरी जास्त उष्णता देते. शेवटी फटींवर पातळ पट्ट्या बसवल्या. हायपरसॉनिक उड्डाणावर मिळेल ते मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. वेगाचे विक्रम सगळेच सांगतात; मला मात्र या विद्येचा इतिहास अशा फटींत, चौकटींत आणि सांध्यांतच सापडतो.

पूर्वपीठिका थोडक्यात. मॅक ५, म्हणजे ध्वनीच्या पाचपट वेगाच्या पुढे हायपरसॉनिक. २४ फेब्रुवारी १९४९ रोजी अमेरिकेतल्या व्हाइट सँड्सवरून जर्मन व्ही-२ च्या डोक्यावर बसवलेलं वॅक कॉर्पोरल रॉकेट या वेगापलीकडे गेलं. मग नॉर्थ अमेरिकन कंपनीने तीन एक्स-१५ बांधली. बी-५२ च्या पंखाखालून ती सोडायची, रॉकेट इंजिन जेमतेम दीड मिनिट जळायचं, आणि पुढे इंजिनाविना तरंगत कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळाच्या कोरड्या तलावावर उतरायचं. १९५९ ते १९६८ या काळात १२ वैमानिकांनी १९९ उड्डाणं केली. नील आर्मस्ट्राँग त्यांतलाच एक.

आता वैमानिकासमोरच्या काचेकडे येतो. ९ नोव्हेंबर १९६१ रोजी एक्स-१५ चा वैमानिक रॉबर्ट व्हाइट मॅक ६ च्या पुढे गेला. वेग उतरत असताना उजवीकडची बाहेरची काच तडकून पांढरी झाली. डाव्या काचेतून बघत त्याने विमान सुखरूप उतरवलं. असाच प्रकार आधीच्या महिन्यातही घडला होता, डाव्या काचेबाबत. काच उष्णतेला पुरी पडत होती. तिच्याभोवतीची धातूची चौकट तापून वाकत होती आणि काचेवर ताण आणत होती. चौकट बदलली. इतक्या साध्या वाटणाऱ्या गोष्टीवर माणसाचा जीव टांगलेला होता, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

ओहायोतल्या डेटनला अमेरिकी हवाई दलाच्या संग्रहालयात एक्स-१५ए-२ ठेवलं आहे. तिथे गेलो तेव्हा मी बराच वेळ शेपटीमागेच उभा होतो. विमानाची उभी शेपटी मागे निमुळती होत जाते, अशी आपली सवयीची समजूत. इथे ती मागे जाताना जाड होते आणि मग एकदम छाटल्यासारखी सपाट संपते. पाचरच म्हणा. या वेगात पातळ शेपटीची पकड सुटते, पाचरीची टिकते. तसं सुंदर म्हणता येणार नाही, पण मला तिच्याइतकी देखणी शेपटी दुसऱ्या कुठल्याही विमानाची वाटली नाही.

३ ऑक्टोबर १९६७ ला हेच विमान घेऊन पीट नाइट मॅक ६.७ पर्यंत, ताशी ७,२७४ किलोमीटरवर पोचला. माणसाने चालवलेल्या, स्वतःच्या इंजिनावर उडणाऱ्या विमानाचा हा विक्रम आजही अबाधित आहे. त्या दिवशी अख्ख्या विमानावर जळून झिजणारा लेप चढवला होता. लेपाची काजळी काचेवर बसणार म्हणून डाव्या काचेला उघडझाप करणारी पापणी लावलेली. उतरताना ती उघडायची. एवढी काळजी घेतली, आणि घात झाला तो पोटाखालच्या रॅमजेट इंजिनाच्या नकली नमुन्यापाशी. त्याच्या टोकापासून निघालेली आघातलहर वरच्या आधाराच्या खांबावर येऊन थडकली आणि लहरी जिथे एकमेकींना भेटल्या तिथे धातूला भोकं पडली. रॅमजेट उतरण्याआधीच निखळून वाळवंटात पडलं. विमान पुन्हा उडालं नाही. दीड महिन्यात, १५ नोव्हेंबरला, मायकेल अॅडम्सचं एक्स-१५ हायपरसॉनिक वेगातच गिरकीत सापडून हवेत तुटलं. या कार्यक्रमात गेलेला तो एकमेव वैमानिक.

पुढची गोष्ट स्क्रॅमजेटची. बाहेरची हवा आत घ्यायची आणि ती ध्वनीपेक्षा जास्त वेगाने वाहत असतानाच इंधन पेटवायचं, तेही मिलिसेकंदांत. नासाचं एक्स-४३ए २००४ मध्ये मॅक ९.६ च्या घरात पोचलं, पण इंजिन दहाएक सेकंदच पेटलं. अमेरिकेच्याच एक्स-५१ ने मे २०१३ मध्ये सुमारे २१० सेकंद काढले. आपल्याकडे इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोट्याहून स्क्रॅमजेट हवेत पेटवून दाखवलं. ७ सप्टेंबर २०२० ला डीआरडीओचं स्क्रॅमजेट वाहन ओडिशाच्या किनाऱ्यावरून निघून मॅक ६ च्या आसपास वीस सेकंदांहून जास्त उडालं. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एप्रिल २०२५ मधली हैदराबादची जमिनीवरची चाचणी: दहनकक्ष हजार सेकंदांपेक्षा जास्त चालला. भिंती सतत थंड ठेवल्याशिवाय हे शक्य नाही. डीआरडीओने त्यासाठी जळण्याआधी उष्णता शोषणारं इंधनही तयार केलं आहे. आता तसा कक्ष वाहनात बसवायचा आहे. त्या वाहनाला धारा असतील, सांधे असतील आणि धातू पसरायला ठेवलेल्या जागाही असतील.